हात वाढला

मी बीडच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. जखम धुवायची, पू काढायचा, जुनी पट्टी सोडायची, नवी बांधायची, हे माझं काम. लोक मला कंपौंडर म्हणायचे. किती वेळा सांगितलं, बाबांनो, कंपौंडर औषध देतो, मी नुसत्या चिंध्या गुंडाळतो. पण ऐकतंय कोण! शेवटी मीच कंटाळून ओ द्यायला लागलो. आता म्हातारपणी लिहायला बसलोय ते काही हौसेनं नाही. डोकं ठिकाणावर आहे तोवर एक गोष्ट कागदावर यावी, एवढंच. आयुष्यभर जखमा बघितल्या, त्या सगळ्या विसरलो. एक हात मात्र अजून जेवताना मध्येच आठवतो आणि घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो.

तेव्हा आमच्यावर निजामाचं राज्य होतं. दवाखान्याचे कागद उर्दूत, डॉक्टरसाहेब हैदराबादचे आणि रोगी सगळे आमचे, मराठी बोलणारे. मधल्या मध्ये मी. साहेबांचं रोग्याला सांगायचं, रोग्याचं साहेबांना सांगायचं. या कामाचा वेगळा पगार नव्हता, पण शिव्या दोन्हीकडच्या खायला मिळायच्या. साहेब उंच, वाळके, कमी बोलणारे. जर्मनच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. तिथं त्यांनी इतके हातपाय कापले होते, की पुढं कुणाचा हात कापायचा म्हटलं की दोन दिवस त्यांना जेवण जायचं नाही.

त्या उन्हाळ्यात पटकी आली होती. गावाबाहेर नदीपलीकडं रोग्यांसाठी तंबू ठोकले होते. साहेब सकाळी दवाखान्यात, दुपारी तंबूत. मी दोन्हीकडं. अंगाचं पार भुस्काट झालं होतं. बसलो की डोळा लागायचा आणि डोळा लागला की कुणीतरी हाक मारायचं. बायको म्हणायची, "घरी आलात तरी नुसतं भिंतीकडं बघत बसताय, कावून?" मी तिच्यावरच ओरडायचो. कुणावर तरी ओरडायला पाहिजे ना!

अशात एका सकाळी बैलगाडीतून एक कासार आणला. तो आणि त्याची बायको उमापूरकडचा बाजार करून बांगड्यांच्या पेट्या घेऊन बीडला येत होते. बिंदुसरा नदीच्या उताराला बैल बुजला, गाडी कलली, हा पेटीवर पडला आणि काच उजव्या दंडात, आतल्या बाजूनं, कोपराच्या चार बोटं वर शिरली. गाडीवान शहाणा. त्यानं आपलं पागोटं काढून दंडाला जीव खाऊन आवळलं होतं. नाहीतर तो कासार रस्त्यातच संपला असता. हात पांढराफटक, मनगटावर नाडी नाही.

साहेबांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि बायकोला विचारलं, "कैसे हुआ?"

ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बांगड्या वाढल्या."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. "क्या बढ़ गया?"

मला त्या घाईतही हसू आलं. म्हटलं, "साब, हमारे में बांगडी फूटी नहीं बोलते. फूटी बोले तो औरत का नवरा मरा. इसलिए वाढली बोलते." पुढचंही तसंच मोडक्या उर्दूत सांगितलं, "दिवा विझला म्हणायचं नाही, दिवा वाढवला म्हणायचं. दुकान बंद केलं नाही, दुकान वाढवलं. जे व्हायला नको ते झालं, की आमच्यात ते वाढतं."

"अजीब लोगां हैं तुम," साहेब म्हणाले आणि त्यांनी रजिस्टरात काच एवढंच लिहिलं. हे मी मुद्दाम सांगतोय. त्या शब्दाचा अर्थ त्या दिवशी साहेबांना मीच समजावून सांगितला होता. स्वतःच्या तोंडानं.

अशा जखमेत तेव्हा काय करायचे? मोठी शीर वरून-खालून दोऱ्यानं बांधून टाकायचे. रक्त थांबायचं, जीव वाचायचा. हाताचं मात्र देवावर. कुणाचा राहायचा, कुणाचा आठ दिवसांत काळा पडायचा, मग कापायचा. साहेबांनी दोरा हातात घेतलासुद्धा होता. तेवढ्यात कासार क्षीण आवाजात म्हणाला, "साहेब, उजवा हाय."

कासाराचा उजवा हात म्हणजे काय, ते बायका सांगतील. डाव्यानं बाईचा पंजा धरून असा मऊ करायचा आणि उजव्यानं बांगडी सरकवायची, ना हात दुखला पाहिजे, ना बांगडी… वाढली पाहिजे. हा कासार तर नावाजलेला. बाळंतिणीच्या सुजल्या हातातही बांगडी चढवायचा म्हणे. त्याची बायको नुसती साहेबांच्या पायाकडं बघत उभी होती.

साहेबांनी जखम पुन्हा बोटांनी उघडून बघितली. काचेनं शीर सरळ कापली होती, सुरीनं काकडी कापावी तशी. कडांच्या चिंध्या झाल्या नव्हत्या. मग ते मला म्हणाले, "बांधूंगा नहीं. सियूंगा."

शीर शिवायची! मी तोपर्यंत कातडं शिवलेलं बघितलं होतं, पोट शिवलेलं बघितलं होतं. रक्ताची शीर शिवतात हे मला माहीतच नव्हतं. साहेबांनी बसऱ्याला एका गोऱ्या डॉक्टराला शिवताना बघितलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. आमच्याकडचं रेशीम सुतळीएवढं जाड. मग शिपाई पळाला पटवेकऱ्याकडं. दागिने गाठायचं त्याचं सगळ्यांत बारीक रेशीम आणलं, त्याचाही पीळ सोडून एकच तंतू घेतला, उकळला आणि व्हॅसलिनमध्ये बुडवून ठेवला. सुई इतकी बारीक, की हातातून सुटली असती तर सापडली नसती.

खऱ्या कंपौंडरनं क्लोरोफॉर्म दिला. दोन चिमट्यांच्या तोंडावर रबरी नळीचे तुकडे चढवून साहेबांनी शिरेची दोन्ही टोकं अलगद धरली आणि चिमटे माझ्या हातात दिले. म्हणाले, "हिलना नक्को." मी हललो नाही. नाकावरून घाम ओघळत होता, माशी कानाशी गुणगुणत होती, पाठीचा काटा ढिला झाला होता, तरी हललो नाही. मिठाच्या पाण्यानं शिरेतल्या गुठळ्या धुतल्या. आधी तीन टाके तीन बाजूंना, मग त्यांच्यामध्ये एकेक, केसाएवढे. साहेब श्वासही मोजून घेत होते. शेवटचा टाका झाला, चिमटे सैल केले, पागोट्याच्या जागी बांधलेली रबरी नळी सोडली. शीर एकदम भरली. दोन-चार थेंब आले, साहेबांनी बोट ठेवलं, थांबले.

"नब्ज देखो."

मी कासाराच्या मनगटावर बोटं टेकवली. काही नाही. काही नाही. आणि मग हळूच, आतून कुणी दार ठोठावावं तशी नाडी लागली. मी ओरडलोच, "हाय! साब, हाय!" साहेब हसले. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. आम्ही दोघं ओसरीत भिंतीला टेकून छागलीच्या कातडी पिशवीतलं गार पाणी प्यालो. मला वाटलं, झालं आपल्या जन्माचं सार्थक. खरंच वाटलं. आता लिहायला लाज वाटते.

कासाराला खाटेवर आणला. साहेब मला म्हणाले, खरं काम आता आहे. टाक्याशी गुठळी धरली तर शीर बंद पडेल. घडोघडी मनगट बघायचं. हात थंड झाला, पांढरा झाला, तर ताबडतोब बोलवायचं. साहेब तंबूत असले तरी बोलवायचं. लगेच उघडून गुठळी काढली तर हात वाचेल, उशीर झाला तर नाही. हे सगळं मी कासारणीला मराठीत सांगितलं. म्हटलं, "बाई, हात गार पडला की मला सांग. काय? गार पडला की लगेच."

तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "असं बोलू नका दादा! गार काय पडतंय! शुभ बोला."

मी वैतागलो. "अगं बाई, हाताबद्दल बोलतोय मी, माणसाबद्दल न्हाई!"

"तरी बी नका बोलू," ती म्हणाली. "मालक झोपलेत. ऐकू जाईल."

मी हात जोडले आणि निघालो. एवढ्या-तेवढ्यावरून वाद घालायला माझ्या अंगात त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात छान होता. कोमट, गुलाबी, नाडी मनगटावर. कासार बोटं हलवून दाखवायचा आणि स्वतःच हसायचा. साहेबांनी तीनदा तपासलं आणि ते तंबूकडं गेले. जाताना मला म्हणाले, "तुम्हारे भरोसे छोड़के जा रहूँ." मी मान हलवली.

दुपारपर्यंत मी घडोघडी बघितलं. मग रोग्यांची रांग लागली. एकाचा पाय सडलेला, एकाच्या पाठीला करट, एका बाईच्या हातावर उकळतं तेल. रांग संपली तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. मी पट्ट्यांच्या पेटीला टेकून खालीच बसलो. जरा डोळे मिटतो म्हटलं, जरासेच.

"दादा."

डोळे उघडले. कासारीण दारात उभी होती.

"दादा, त्येंचा हात वाढायलाय."

तो शब्द माझ्या कानावर पडला. मला तो ऐकू आला. त्याचा अर्थ काय लावायचा हे मला कुणी शिकवायला नको होतं, मी याच मातीतला. माझी बायको रोज सकाळी समई वाढवते. पण मी दमलो होतो, उठायचं नव्हतं, आणि हात वाढतो तो सुजेनं, असा सोयीचा अर्थ माझ्या डोक्यात आयता तयार होता. उठायला लागू नये म्हणून माणूस कसलाही अर्थ लावतो.

मी बसल्या जागेवरून म्हणालो, "सूज हाय ती. एवढी शीर शिवलीय, येणारच. हात वर धर. उंच धरला की उतरंल."

ती हलली नाही. "दादा, एकदा येऊन बघता का?"

"सांगितलं ना, वर धर म्हणून! जा!" मी खेकसलो. ती गेली. मी डोळे मिटले.

सुजलेला हात वर धरायचा असतो. गार पडत चाललेला हात वर धरला, की थोडंफार जे रक्त जातंय तेही जायचं थांबतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

दिवस कलला तेव्हा साहेब आले. आम्ही दोघं कासाराच्या खाटेपाशी गेलो. कासारीण खाटेशेजारी उभी होती आणि नवऱ्याचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांनी वर धरला होता. कासार औषधाच्या गुंगीत होता; ती दुपारपासून तशीच उभी होती, बसली नव्हती. तिचे दंड थरथरत होते, ओठ कोरडे पडले होते. मला बघून म्हणाली, "न्हाई उतरलं दादा. लई वेळ झालं धरलाय."

साहेबांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. मीही हात लावला. ओल्या मातीसारखा गार. नखं निळी. मनगटावर काही नाही.

"कब से?"

"दुपारपासनं," ती म्हणाली.

"दोपहर से! कैकू नहीं बोली? मेरेकू कैकू नहीं बुलाई?"

तिला शब्द कळले नाहीत, आवाज कळला. ती घाबरून माझ्याकडं बघायला लागली. "म्या सांगितलं की. दादाला सांगितलं."

साहेब माझ्याकडं वळले. "क्या बोली थी?"

आता इथं मी नुसतं "वाढला बोली" एवढं म्हणालो असतो ना, तरी साहेबांना सगळं समजलं असतं. मीच तर समजावलं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला कळलं नाही? तू जाऊन बघितलंस का? माझी नोकरी डोळ्यांसमोर आली, घर आलं, आणि त्याहून जास्त म्हणजे साहेबांचं ते कालचं हसणं आलं. मी म्हणालो, "सूजन बोली, साब. सिर्फ सूजन बोली."

साहेब तिच्यावर बरसले. थंड झाला तर सांग म्हणून बजावलं होतं, सूज आणि थंडी यातला फरक कळत नाही का, अडाणी, जाहिल, आपल्या हातानं नवऱ्याचा हात घालवलास. मी हे सगळं मराठीत सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. गरजच नव्हती. बाजारात फिरणाऱ्या कासाराला हिंदुस्थानी समजत होतं आणि साहेबांच्या आवाजानं जागा झालेला तो डोळे उघडे ठेवून ऐकत होता.

त्याच घटकेला पुन्हा उघडलं. टाका एकही सुटला नव्हता. शीर सुबक शिवलेली आणि आत काळी गुठळी घट्ट बसलेली. साहेबांनी ती काढली, धुतलं, परत शिवलं. नाडी आली, पण घाबरीघुबरी, आणि थोड्या वेळानं गेली. खालचं मांस आधीच मेलं होतं. चौथ्या दिवशी बोटं काळी पडली, वास यायला लागला आणि कोपराखाली हात कापला. कापताना हात मीच धरला होता. कापून झाल्यावर त्याचं सगळं वजन एकदम माझ्या हातात आलं.

साहेब हात धुताना एवढंच म्हणाले, "सिलाई अच्छी थी." त्यानंतर त्यांनी कुणाचीही शीर शिवली नाही. कोयत्याची असो, कुऱ्हाडीची असो, सरळ बांधून टाकायचे. त्यातले किती हात शिवून वाचले असते, कोण जाणे. तेही माझ्याच खात्यावर.

कासारानं पुढं बायकोशी बोलणं टाकलं. ती भाकर कुस्करून तोंडाशी न्यायची, तो मान फिरवायचा. तिच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचा नाही. मी दिलं तर प्यायचा. मला दुवा द्यायचा वर. "तुमी लई केलं माझ्यासाठी, दादा." मी पेला टेकवायचो आणि तिथून सटकायचो.

त्यांना घरी सोडायचं ठरलं त्या सकाळी ती मला ओसरीत गाठून उभी राहिली. रडत नव्हती. रडणं संपलेलं असावं.

"दादा, एक काम करा माझं. हात तर गेला, त्येचं काय न्हाई आता. पण तुमी एकदा मालकाला सांगा, की म्या तुमाला सांगितलं होतं. तेवढंच सांगा. म्या गार कसं म्हणू दादा? त्ये मालक हायेत माझे. पर सांगितलं होतं की न्हाई म्या?"

"सांगितलं होतंस," मी म्हणालो.

"मग तेवढं सांगा. तुमचं ऐकतेत त्ये."

मी आत गेलो. ती माझ्या मागं आली आणि खाटेच्या पायथ्याशी थांबली. कासार भिंतीकडं तोंड करून बसला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खरं सांगतो, तोंड उघडेपर्यंत माझ्या मनात खरं तेच बोलायचं होतं. शब्द जुळवलेले होते. पण साहेब पलीकडच्याच खाटेपाशी उभे होते आणि 'वाढला' हा शब्द त्यांना आता समजत होता.

मी म्हणालो, "झालं ते झालं. हिला बोल लावू नका. बाईमाणूस हाय, घाबरली, सांगायचं राहून गेलं. तिनं काय मुद्दाम केलंय का? माफ करा तिला."

कासाराच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बायकोकडं न बघताच त्यानं डावा हात पुढं केला. किती दिवसांनी! तिनं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, पेला त्याच्या हातात दिला आणि तो निम्मा पिऊन होईपर्यंत माझ्याकडं बघत राहिली. मी खाली बघितलं.

"व्हय," ती म्हणाली, "राह्यलंच माझं सांगायचं."